मागचा खटका, पुढचा खटका

पाऊस संपायची वेळ कधीच उलटून गेली होती, पण तो काही हलायचं नाव घेत नव्हता. दुपारी जरा उघडल्यासारखं करायचा आणि संध्याकाळी पुन्हा झोडपायला लागायचा. डोंगरावरच्या गवळ्यांच्या वस्तीकडे जाणारा रस्ता त्याने पार खाऊन टाकला होता. खाली ओढा फुगलेला, ओढ्यापलीकडे चिकणमातीचा उभा चढ, आणि तो चढ म्हणजे ओला साबण झालेला. या रस्त्याने वर जाणारी गाडी एकच. उस्तादचा जुना फोर व्हील ट्रक. तो रोज सकाळी रिकामे कॅन घेऊन चढायचा आणि दुधाने भरलेले घेऊन उतरायचा.

नेमका अशात उस्तादचा हात मोडला. चाक बदलताना जॅकचा दांडा सटकला तो थेट उजव्या हातावर, मनगटाच्या वर बसला. प्लास्टर घालून घरी आल्यावर तो खाटेवर बसून पावसाला, जॅकला आणि डॉक्टरला आळीपाळीने शिव्या घालू लागला.

"हात गेला, पण तोंड शाबूत आहे हो पोराचं," त्याची आई चुलीपुढून म्हणाली.

उस्तादच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. अंगाने काटक, बोलायला कमी, पण एकदा काही मनात घेतलं की सोडायची नाही. ट्रक तिला नवा नव्हता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने हट्टाने तो शिकून घेतला होता. अंगणातून डेअरीपर्यंत, डेअरीतून पंपापर्यंत ती बिनबोभाट न्यायची. पण ते सपाटीवर. डोंगर हा उस्तादचा प्रांत. तिथे तिने कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता आणि त्याने लावू दिला नव्हता.

दोन दिवस वरचं दूध खाली आलं नाही. तिसऱ्या दिवशी डेअरीचा मॅनेजर छत्री सांभाळत दारात आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं होतं.

"उस्ताद, वरची वस्ती बंद करायचं चाललंय," तो म्हणाला. "दूध ओतून देतायत तिथे. परवा गुरांचा व्यापारीसुद्धा वर चालत जाऊन आलाय म्हणे. या आठवड्यात गाडी गेली नाही, तर यादीतून वस्तीचं नाव कमी होणार. मग पुढच्या वर्षापर्यंत काही नाही."

"दुसरी गाडी लावा की," उस्ताद कुरकुरला.

"कुठली लावू? तिथे दुसरी जाते का?"

वहिनी पदराला हात पुसत पुढे आली. "उद्या जाते मी."

मॅनेजरने उस्तादकडे पाहिलं. उस्तादने भिंतीकडे पाहिलं. सासूने मात्र सरळ सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू? त्या चढावर? घरात एक हात मोडलाय तेवढा पुरे नाही का?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच वहिनी निघाली. शेजारच्या सीटवर गळ्यात हात अडकवून उस्ताद. ओढ्यापर्यंत त्याने तिला दहा वेळा गिअर शिकवला. ओढा तिने व्यवस्थित पार केला. पण चढाच्या पहिल्या टप्प्यातच गाडी अडकली. इंजिन ओरडतंय, मातीचे गोळे टपाएवढे उंच उडतायत, आणि गाडी तसूभर पुढे नाही.

"रेस दे! अजून दे! सोडू नकोस!"

तिने रेस दिली. गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली बसली. मागचा अ‍ॅक्सल मातीला टेकला.

ती दार उघडून खाली उतरली. चिखल घोट्याच्या वर आला. उस्तादला तिने आतून पेडल दाबायला सांगितलं आणि स्वतः गाडीच्या मागे वाकून पाहू लागली. मागचं डावं चाक गरगर फिरत होतं, वेड लागल्यासारखं. उजवं चाक जागचं हलत नव्हतं. उजव्याखाली तर चांगला मुरूम होता, तेच जर फिरलं असतं तर गाडी केव्हाच वर गेली असती. पुढेही तोच प्रकार. एक फिरतंय, दुसरं नुसतं बघतंय.

"अहो, ही फोर व्हील आहे ना?" तिने ओरडून विचारलं.

"मग काय!"

"मग दोनच का फिरतायत?"

उस्तादने पेडलवरचा पाय काढला.

गाडी ओढून काढायला खालच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलवावं लागलं. तो आला तो एकटा नाही, बघ्यांना घेऊन आला. साखळी त्याने वहिनीच्या हातात दिली. "बांधा. तुम्हीच ड्रायव्हर ना?" ती चिखलात पोटावर पडून गाडीखाली शिरली, हुक शोधला, साखळी अडकवली. बाहेर आली तेव्हा तोंडापासून पायापर्यंत एकच रंग झाला होता. कुणीतरी मागून म्हणालं, "वहिनी, आता तुम्हालाच धुवायला ओढ्यात सोडू का?" सगळे हसले. उस्तादही क्षणभर हसला, मग त्याने तोंड फिरवलं.  वहिनीने हातावरची माती ओंजळभर निपटून खाली टाकली आणि गाडीत चढली.

घरी आल्यावर तिने अंगावर पाणी घेतलं, केस पिळले आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"डॅशबोर्डखाली दोन खटके आहेत. त्यांच्यावर तुम्ही टेप मारून ठेवलीय. ते कशाचे?"

"ते काही नाही. जुन्या लॉकचे आहेत."

"कसला लॉक?"

"डिफ्रन्शियलचा." उस्तादने पाय वर घेतले. "वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी. म्हणून मध्ये तो गोळा असतो, दोघांना वेगवेगळं फिरू देतो. पण चिखलात तोच दगा देतो. ज्या चाकाला पकड नाही त्यालाच सगळी ताकद सोडतो. लॉक लावला की दोन्ही चाकं एक होतात."

वहिनी बघतच राहिली. "आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"एकदा लॉक लावून फरशीच्या रस्त्याने वळलो होतो. आतला शाफ्ट काडकन तुटला. सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत. तेव्हापासून मी हात लावला नाही त्याला. हाताच्या जोरावर चालवली गाडी. लॉक लावून कुणीही चढेल."

"कुणीही चढेल ना? मग मी चढते."

सासू आतून म्हणाली, "बरा सापडला तुला आज. टेप मारून बसलाय तो!"

सकाळी मिस्त्री आला. इंजिनांजवळ आयुष्य काढून त्याच्या कानाचे पडदे गेलेले, त्यामुळे तो साधं बोलणंही भांडल्यासारखं बोलायचा. गाडीखाली शिरून त्याने पाहिलं. लॉकला हवा नेणारी नळी उंदरांनी कुरतडली होती आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचा आतला दांडा गंजून बसला होता. दुपारपर्यंत तो रॉकेल सोडत, हातोडीने हळूहळू ठोकत राहिला. वहिनी पाना धरून शेजारी. नवी नळी बसली, हवेचा फुसकारा झाला, आणि आत कुठेतरी 'खट' असा आवाज आला.

"आला!" मिस्त्री गरजला. "आता बघा गंमत!"

त्याने मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, लॉक काढला आणि वहिनीला म्हणाला, "हं, डावं फिरवा!" तिने दोन्ही हातांनी चाक पुढे फिरवलं. पलीकडचं उजवं चाक उलटं फिरलं. तिने मागे फिरवलं, तर ते पुढे. दोघांचं आपसात पटत नसावं तसं. मग मिस्त्रीने खटका दाबला. "आता फिरवा!" ती जोर लावू लागली. आता चाक जड झालं होतं, पण डावं जिकडे गेलं तिकडेच उजवंही गेलं. एकदम, एका वेळी. तिने पुन्हा फिरवलं, पुन्हा पाहिलं. लहान मुलासारखी ती तीन-चारदा तेच करत राहिली. काल चिखलात पोटावर पडून जे कळलं नव्हतं, ते आता तिच्या दंडांना कळलं होतं.

"ऐका!" मिस्त्रीने बोट वर केलं. "चिखलात शिरायच्या आधी लावा. फसल्यावर नाही, चाक फिरत असताना तर मुळीच नाही, दात जातील आतले! हळू चालवत लावा, दिवा लागेल. आधी मागचा. भागलं नाही तरच पुढचा. पुढचा लावला की गाडी वळणार नाही, सरळच जायचं म्हणेल. आणि कडक जमिनीवर आलात की दोन्ही काढा, नाहीतर तुमच्या मालकासारखं होईल!"

"ऐकू येतंय मला," उस्ताद पायरीवरून म्हणाला.

"काय?" मिस्त्री ओरडला.

त्या संध्याकाळी वहिनीने चाकांची थोडी हवा कमी केली, मागे वजनाला वाळूची पोती टाकली. सासू दारात उभी राहून बघत होती. रात्री भाकरीवर तिने सुनेला तुपाचा गोळा जास्तच वाढला.

दुसऱ्या दिवशी पाऊस बारीक होता. ओढ्याच्या अलीकडे वहिनीने गाडी थांबवली, फोर व्हील टाकला, लो गिअर टाकला. ओढा ओलांडला. चढाच्या पायथ्याशी पोचल्यावर ट्रॅक्टरवाला आणि दोघं-तिघं आडोशाला उभे दिसले. आज काय होतंय ते बघायला आले असावेत.

तिने चाकं सरळ केली. गाडी गोगलगाईसारखी चालत असतानाच मागचा खटका दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

"रेस दे," उस्ताद म्हणाला.

"गप्प बसा," ती म्हणाली.

तिने रेस दिली नाही. पेडल होतं तिथेच ठेवलं. गाडी चढायला लागली. ना माती उडाली, ना इंजिन किंचाळलं. अडकल्या जागेवर पोचताच गाडी थरथरली, डावं चाक घसरू पाहत होतं, पण यावेळी उजवंही त्याच्याबरोबर फिरत होतं आणि मुरुमात दात रोवत होतं. गाडी थबकली, विचार केल्यासारखी, आणि पुढे गेली. मधल्या टप्प्यावर पुढची चाकं निसटायला लागली. तिने वेग कमी केला आणि पुढचा खटका दाबला. स्टिअरिंग एकदम दगडासारखं झालं. वळायचं नव्हतंच, समोर सरळ चढ होता. तिने खांदे घट्ट केले, दात आवळले आणि गाडीला तिच्या मनासारखं सरळ जाऊ दिलं.

माथ्यावर पोचल्यावर तिने थांबून दोन्ही खटके काढले. पुढचा दिवा विझेना. "जरा मागे घे," उस्ताद हळू आवाजात म्हणाला. तिने गाडी हातभर मागे घेतली, दिवा विझला. मग ती मागे रेलली.  उस्तादने काचेतून खाली पाहिलं. ट्रॅक्टरवाला तोंड उघडं टाकून वर बघत होता.

"च्यायला," उस्ताद म्हणाला. एवढंच.

वस्तीवर गाडीचा आवाज ऐकून माणसं गोठ्यांतून धावत आली. वस्तीतली सगळ्यात मोठा कळप असलेली गवळण, जिला सगळे मावशी म्हणत, ती शेणाच्या हातांनीच पुढे आली. आधी ड्रायव्हरच्या जागेवर वहिनीला पाहून थबकली. मग तिने गाडीच्या बॉनेटवर म्हशीला थोपटावं तशी थाप मारली.

"दोन गाई ठरवून दिल्या होत्या गं व्यापाऱ्याला," ती म्हणाली. "उद्या न्यायला येणार होता. येऊ दे आता. चहा पाजून परत पाठवते."

कॅन भरले, झाकणं ठोकली, दोरांनी आवळली. भरलेल्या गाडीची मागची पाटी खाली बसली. निघताना मावशीने विचारलं, "उद्या येणार ना?" वहिनीने नुसती मान डोलावली. आज अजून उतरायचं होतं.

उतार सुरू होण्याआधी वळणावर तिने ब्रेक मारला. ते वर असताना कड्याची माती सुटून रस्त्यावर आली होती. रस्ता बंद झाला नव्हता, पण तिरका झाला होता. डोंगराकडची बाजू उंच, दरीकडची खाली. वाट होती, पण कलती, आणि वरून गुळगुळीत ओली.

दोघं खाली उतरले. उस्तादने पायाने माती दाबून पाहिली.

"लॉक लाव. दोन्ही. सरळ काढ."

तिने मागचा लॉक लावून गाडी हळूच आत घातली. चार हात गेली असेल. मागची बाजू सुळकन दरीकडे सरकली. दुधाचे कॅन एकमेकांवर आपटले. तिने गाडी जागच्या जागी थांबवली. 

"पुढचाही लाव! ओढून काढ!" उस्ताद ओरडला.

वहिनी स्टिअरिंग धरून बसली होती. तिला जॅकवरची दोन चाकं आठवली. लॉक असताना दोन्ही एकदम फिरतात. मग घसरलीच तर दोन्ही एकदमच घसरतील. धरून ठेवायला कुणी उरणारच नाही. दोघांपैकी एक जरी शांत उभं राहिलं, तर तेच मागची बाजू अडवून धरेल.

तिने खटका काढला.

"अगं, काय करतेस? वेड लागलं का?"

"अहो, तुम्ही डोंगराकडच्या बाजूला उतरा आणि चालत या."

"तू एकटी?"

"उतरा म्हणते ना."

तो उतरला. चिखलात एका हाताने तोल सांभाळत गाडीच्या पुढे चालू लागला, आणि चालता चालता मागे वळून डाव्या हाताने तिला रस्ता दाखवू लागला. तिने गाडी किंचित मागे घेतली, दिवा विझला. मग स्टिअरिंग थोडं डोंगराकडे धरून पेडलवर नुसता पायाचा भार ठेवला. डोंगराकडचं मागचं चाक थोडं फिरलं, थोडं घसरलं. दरीकडचं, ज्याच्यावर दुधाचा सगळा भार होता, ते जड पावलाने जमीन धरून राहिलं. मागची बाजू सरकली नाही. वीतभर, हातभर, गाडी पुढे येत राहिली. एका ठिकाणी थांबली तेव्हा उस्तादने पावसासाठी पाठीवर घेतलेलं पोतं काढून चाकाखाली घातलं, एका हाताने, प्लास्टर चिखलात माखवून. कॅन कुरकुरत होते. तिने एकदाही दरीकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या हाताकडे पाहत होती.

पुढची चाकं सपाटीवर आली. मग मागची.

उस्ताद येऊन सीटवर चढला.  मग तो म्हणाला, "मी लॉक ठेवला असता."

"हो."

"आणि खाली असतो आत्ता."

"हो," ती म्हणाली, आणि हसू लागली. त्यालाही हसू आलं. दोघं इतकं हसले की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याचा मोडका हात दुखायला लागला.

चढ उतरताना लो गिअरने गाडी स्वतःच धरून ठेवली. ओढ्याच्या पलीकडची दरड चढायला तिने पुन्हा मागचा लॉक लावला आणि भरलेली गाडी पाण्यातून उचलून काठावर आणली. कडक रस्ता लागताच काढला.

डेअरीच्या अंगणात ट्रक शिरला तेव्हा तिथे ड्रायव्हर, हमाल, बाया सगळे थांबले. मॅनेजर धावत बाहेर आला. पहिल्या कॅनचं झाकण त्याने स्वतः काढलं, वास घेतला, पळीने ढवळलं.

"ताजं आहे," तो म्हणाला. मग मोठ्याने आत ओरडला, "अरे, वरच्या वस्तीचं दूध आलं! काटा मोकळा करा!"

ड्रायव्हर लोकांनी उस्तादला गराडा घातला. "उस्ताद, एका हाताने आणलीत? काय पण कमाल!" त्याची ही सवयीची जागा होती. अशा वेळी तो सिगारेट पेटवून सांगायला सुरुवात करायचा. आज त्याने खिशात हात घातला, सिगारेट सापडली नाही की काय, पण हात तसाच बाहेर काढला.

"मी कुठे?" तो म्हणाला. "मी चिखलात चालत होतो. हिने आणली. दोनदा तिने माझं ऐकलं नाही, आणि दोन्ही वेळा तिचंच खरं होतं."

सगळे वळून वहिनीकडे बघायला लागले. ती कॅन उतरवायला पाटी उघडत होती. हमालांतला एक पुढे होऊन म्हणाला, "तुम्ही बसा वहिनी, आम्ही काढतो." ती बसली नाही. दोन्ही हातांनी पहिला कॅन उचलून तिनेच खाली ठेवला, ठण् करून, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

दुपारी वरच्या गुरांसाठी पेंडीची पोती न्यायची होती; वळणावरची सुटलेली माती वस्तीच्या लोकांनी ओढून टाकल्याचा निरोप आला होता. मॅनेजरने नुसतं विचारलं, तिने हो म्हटलं. घरी डबा घ्यायला थांबली, तर सासू दारात. डोक्यावर पदर घट्ट, पायात जुनी चप्पल, हातात पाण्याची बाटली.

"कुठे निघालात आई?"

"तुझ्याबरोबर. अख्खी हयात गेली, त्या डोंगराच्या बातम्याच ऐकतेय. बघू तरी काय आहे तिथे."

उस्तादने खाली उतरून आईला एका हाताने वर चढवलं आणि स्वतः मागे पोत्यांवर जाऊन बसला. ओढा ओलांडेपर्यंत म्हातारीने डॅशबोर्ड घट्ट धरून ठेवला होता, डोळे मिटून. चढाच्या पायथ्याशी गाडी हळू झाली तसे तिने ते उघडले. समोर तो तांबडा चढ, आभाळाला टेकलेला. तिने एकदा चढाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि वाकून डॅशबोर्डखाली हात घातला.

"हाच ना गं तो?" तिचं वाकडं बोट खटक्यावर ठेवलेलं. "दाबू?"

वहिनीने चाकं सरळ केली.

"थांबा, आई. जरा चालू दे तिला," ती म्हणाली. "हं. आता दाबा."